मान्यतेआधी गायलेलं नाव

मागच्या डिसेंबरात आपाचा फोन आला. आवाजातच तक्रार होती. “तुझ्या भाच्याला जरा समजाव. रॉकच्या कार्यक्रमाचं तिकीट काढून बसलाय. परीक्षा तोंडावर आली आणि ह्याला नाचायला जायचंय.” भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन लावला तर म्हणतो, “मामू, तुम्हीच चला माझ्यासोबत. मग अम्मीला सांगा तिथे काय चालतं ते.”

मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. मुशायऱ्यांत आणि कव्वालीच्या मैफलींत मी रात्री जागवल्या आहेत; पण इथे पाऊल टाकताच कळलं की ह्या मैफलीत बसायचं नसतं. हजारभर मुलं-मुली उभी. ड्रमचा ठोका कानावर पडण्याआधी छातीवर पडायचा. मी कापसाचे बोळे कानात घातले आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. भाचा मात्र गाणाऱ्याच्या बरोबरीने गात होता. मुशायऱ्यात शायराने मिसरा उचलला की शेवटचा शब्द ऐकणारेच पुरा करतात, तसं. तेवढी एकच गोष्ट ओळखीची वाटली.

बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना मी त्याला विचारलं, “बेटा, हौस म्हणून ठीक आहे. पण एवढी माणसं जमतात, एवढी बोंब होते, ह्यातून निघतं काय?”

तो तेव्हा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर, त्याने लॅपटॉप उघडून एक जुनी फिल्म लावली. “मामू, हा कॉन्सर्ट बघा. हा तुमच्या इतिहासातला आहे.”

ती फिल्म होती ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. न्यूयॉर्क, १ ऑगस्ट १९७१. मी बघायला बसलो आणि संपेपर्यंत उठलो नाही. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्या डोक्यातून गेली नाही. कारण त्या संध्याकाळचा संबंध माझ्या पेशाशी आहे, मी शिकवतो त्या भाषेशी आहे. आजचा लेख त्याबद्दल.

एका घटनेची दोन नावं

आमच्या अब्बांच्या कपाटात जुनी उर्दू मासिकं होती. लहानपणी ती चाळताना एक शब्द वारंवार भेटायचा : सुक़ूत-ए-ढाका. सुक़ूत म्हणजे पडणं, पाडाव. ढाका पडलं. त्या लेखांत एक मोठा शोक असायचा. मुसलमानांचं सर्वात मोठं राज्य फुटलं, आपल्यातल्याच कोणी दगा दिला, असा सूर. मग शाळेत मराठी पुस्तक हातात आलं, तिथे तीच घटना ‘बांगलादेश मुक्तियुद्ध’ होती. तिथे शोक नव्हता, विजय होता.

दोन्ही भाषा माझ्या. दोन्ही मी आज वर्गात शिकवतो. एका भाषेत पाडाव आणि दुसरीत मुक्ती, हे कोडं मी बरीच वर्षं नुसतं बाजूला ठेवून दिलं होतं. ज्यांच्यावर हे सगळं गुजरलं, ते बंगाली स्वतः काय म्हणत होते, हे विचारायचं मात्र राहून गेलं. त्या फिल्ममध्ये एक गोरा माणूस गिटार घेऊन त्यांच्या देशाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता, तेव्हा मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

आणि तारीख बघा. १ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी जगातल्या एकाही सरकारने बांगलादेशाला मान्यता दिलेली नव्हती. भारताची मान्यता आली ६ डिसेंबरला. नकाशावर अजून पूर्व पाकिस्तानच होतं, आणि एका संगीत कार्यक्रमाचं नावच ‘बांगला देश’ होतं.

ढाक्याचं मैदान

ह्या गोष्टीची सुरुवात गिटारीने होत नाही, भाषेने होते.

ढाक्यात रमना रेसकोर्स नावाचं मोठं मैदान होतं. २१ मार्च १९४८ रोजी, पाकिस्तान होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मुहम्मद अली जिन्ना ह्यांनी त्या मैदानावर जाहीर केलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दू असेल, फक्त उर्दू. पाकिस्तानातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलत होते. उर्दू ही घरची भाषा असलेले फार थोडे. खुद्द जिन्नांची घरची भाषा गुजराती, आणि उर्दूची घोषणा करणारं ते भाषण त्यांनी केलं इंग्रजीत!

उर्दूचा शिक्षक म्हणून मला हे वाचताना हसूही येतं आणि वाईटही वाटतं. उर्दू ही बाजारात, छावणीत, खानक़ाहांत, मंदिर-मशिदींच्या आसपास वाढलेली भाषा. ती कोणी कोणावर लादली नव्हती, लोकांनी ती आवडीने उचलली होती. प्रेमचंदांनी तिच्यात लिहिलं, फ़िराक़ गोरखपुरींनी लिहिलं. त्या भाषेच्या हाती पहिल्यांदाच पोलिसाचा दंडुका दिला गेला.

२१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी रस्त्यावर आलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्या दोन दिवसांच्या गोळीबारांत बरकत, रफ़ीक़, जब्बार, सलाम, शफ़ीउर अशी तरुण पोरं गेली. नावं वाचा. सगळी आपल्या मोहल्ल्यातली वाटतील. मारणारेही कलमा पढणारे आणि मरणारेही. पुढे १९५६ च्या घटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीने जागा मिळाली, पण गाठ पडायची ती पडून गेली होती. १९९९ साली युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला. आपल्याकडे शाळांत तो साजरा होतो, फलक लिहिले जातात. त्यामागे कोणत्या भाषेच्या नावाने गोळी चालली होती, हे आपण उर्दूवाले सहसा सांगत नाही.

१९७१

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री बंगालच्या उपसागरातून भोला चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. पश्चिम पाकिस्तानातल्या सरकारने मदतीत दिरंगाई केली, असा राग सगळ्या पूर्व बंगालात होता. महिन्याभराने निवडणूक झाली आणि शेख मुजीबुर रहमान ह्यांच्या अवामी लीगला सगळ्या पाकिस्तानात मिळून बहुमत मिळालं. लष्करशहा याह्या खान ह्यांनी सत्ता दिली नाही. ७ मार्च १९७१ ला मुजीब ह्यांनी त्याच रेसकोर्सवर लाखोंची सभा घेतली. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी फौजेने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठाची वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, हिंदूंच्या वस्त्या ही पहिली लक्ष्यं होती.

पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांत हिंदूंची संख्या फार मोठी होती. त्यांना हिंदू म्हणून वेचून मारलं गेलं होतं, हे आपण स्पष्ट बोललं पाहिजे. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला सिमेंटच्या मोठमोठ्या पाइपांत कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. पाऊस सुरू झाला, कॉलरा पसरला.

जगाला हे कळलं कसं? एक नाव महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं : अँथनी मस्करेन्हस. हे मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म बेळगावचा, शिक्षण कराचीत, आणि पेशाने पाकिस्तानी पत्रकार. सरकारने काही पत्रकारांना सगळं आलबेल आहे हे दाखवायला पूर्वेला नेलं होतं. मस्करेन्हस ह्यांनी जे पाहिलं ते त्यांना पचलं नाही. त्यांनी बायको-मुलांना आधी लंडनला हलवलं आणि १३ जून १९७१ च्या ‘संडे टाइम्स’मध्ये सगळं छापलं. मथळा एकच शब्दाचा होता : वंशसंहार.

अमेरिकेचं सरकार मात्र याह्या खान ह्यांच्या बाजूने होतं. अध्यक्ष निक्सन ह्यांना चीनशी दोस्ती करायची होती आणि त्यांचे सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेले. ढाक्यातले अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्येच आपल्या सरकारच्या गप्प बसण्याविरुद्ध तार पाठवली होती. तिचा उपयोग झाला नाही. हत्यारं घेऊन पाकिस्तानला जाणारी जहाजं निघतच होती. जुलैत ‘पद्मा’ नावाचं असं एक जहाज बाल्टिमोर बंदरात येताना काही सामान्य अमेरिकन नागरिक छोट्या होड्या वल्हवत त्याच्या आडवे गेले. पोलिसांनी त्यांना उचललं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका कार्यक्रमाची तयारी चालली होती.

मॅडिसन स्क्वेअर गार्डन

नाव ‘गार्डन’, पण बाग नाही. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनच्या डोक्यावर बांधलेली गोल, बंदिस्त इमारत, १९६८ मध्ये उघडलेली, साधारण वीस हजार माणसं मावतील एवढी. आपल्या वाचकांना ती वेगळ्या कारणाने माहीत असेल. ८ मार्च १९७१ ला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर ह्यांची ती गाजलेली लढत इथेच झाली. पंधराव्या फेरीत अली खाली पडले, उठले, पण लढत हरले. त्यांचा व्यावसायिक कारकिर्दीतला तो पहिला पराभव. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते.

पंडित रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते. वडिलांकडून त्यांचं कुळ पूर्व बंगालचं. तिकडच्या बातम्या येत होत्या, ओळखीची माणसं निर्वासित झाली होती. त्यांच्या मनात होतं की एक कार्यक्रम करून पंचवीसेक हजार डॉलर जमवावेत. त्यांनी ही गोष्ट आपल्या एका शागिर्दाला सांगितली. शागिर्द म्हणजे जॉर्ज हॅरिसन, ‘बीटल्स’मधला. १९६६ मध्ये तो सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला होता. बीटल्स १९७० मध्ये फुटले, पण त्याचं नाव जगभर होतं. तो म्हणाला, करू या, आणि मोठं करू या. पाच-सहा आठवडे तो फोनवरच होता. रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल आणि बॉब डिलन एवढी मंडळी गोळा झाली. डिलन १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर फारसा लोकांसमोर येतच नव्हता. एका दिवसात दोन खेळ झाले, दुपारी आणि रात्री. मिळून सुमारे चाळीस हजार लोक आले.

आता त्या गर्दीत उभं राहून बघा. बहुतेक सगळी विशीतली पोरं. कोणी डिलनसाठी आलेलं, कोणी दोन बीटल्स एकत्र दिसतील म्हणून. बांगलादेश कुठे आहे हे किती जणांना माहीत असेल? हॅरिसन पुढे येतो, पांढरा सूट, वाढलेली दाढी, आणि सांगतो की आधी भारतीय संगीत होईल, जरा गंभीर असेल, शांतपणे ऐका. मग पंडितजी सांगतात की हे चालू असताना सिगारेट ओढू नका. वुडस्टॉकच्या चिखलातली नशेत धुंद गर्दी त्यांनी दोन वर्षांपूर्वी पाहिली होती आणि ती त्यांना मुळीच आवडली नव्हती. मग वाद्यं लावायला सुरुवात होते. सतार, सरोद, तबला. दीडेक मिनिटांनी सूर जुळले आणि हात थांबले, तर सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं! त्यांना वाटलं गाणंच झालं. पंडितजी हसून म्हणाले की नुसतं वाद्य लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा करतो.

ह्या जागी मला खूप हसू आलं. पण पुण्यातल्या त्या भिंतीला टेकून उभा असलेला मी काय वेगळा होतो? मलाही कुठलं गाणं संपलं आणि कुठलं सुरू झालं हे कळत नव्हतं. फरक एवढाच, की त्या पोरांनी न कळताही टाळ्या वाजवल्या आणि मी कानात कापूस घातला.

मंचावर कोण होतं ते नीट बघितलं पाहिजे. सतारीवर रविशंकर. सरोदवर उस्ताद अली अकबर खान, जन्म पूर्व बंगालातल्या शिबपूरचा, म्हणजे ज्या मुलखासाठी हा कार्यक्रम होता तिथलाच. त्यांचे वडील बाबा अलाउद्दीन खान, नमाज़ी मुसलमान आणि मैहरच्या शारदामातेसमोर वाजवणारे. रविशंकर त्यांचेच शागिर्द. तबल्यावर उस्ताद अल्लारखा, जम्मूजवळच्या घगवालचे, पण १९४० पासून मुंबई आकाशवाणीवर आणि पुढे कायमचे मुंबईकर. ए. आर. क़ुरैशी ह्या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं. उस्ताद ज़ाकिर हुसैन हे त्यांचेच चिरंजीव. तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी जी रचना वाजवली तिचं नाव ‘बांगला धून’. बंगालच्या मातीतली चाल, रेकॉर्डवर ती सोळा-एक मिनिटांची आहे.

संगीत हलाल की हराम, हा वाद आपल्याकडे हज़रत निज़ामुद्दीन औलियांच्या काळातही होता आणि आजही आहे. ज्यांना ते वर्ज्य वाटतं त्यांच्याशी मी हुज्जत घालत नाही. मी एवढंच विचारतो, की त्या दिवशी बंगालच्या मुसलमानांच्या बाजूने जगात कोण उभं होतं? मुसलमान देशांची सरकारं बहुतेक याह्या खान ह्यांच्या बाजूने होती. सरोदवर बसलेला बंगाली मुसलमान आणि तबल्यावर बसलेला मुंबईकर मुसलमान, ह्या दोघांनी त्या दिवशी उम्मतचं काम केलं असं म्हटलं तर फार चुकेल का?

भारतीय संगीतानंतर निर्वासितांची दृश्यं पडद्यावर दाखवली गेली. नाचायला आलेल्या पोरांनी ती पाहिली. मग गिटारी आल्या, ड्रम आले, डिलन आला, आणि शेवटी हॅरिसनने ह्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं गाणं म्हटलं. त्याचं नाव, त्याचं पालुपद, सगळं एकच : बांगला देश.

आधी मुंबईत झालेलं

ह्या कार्यक्रमाबद्दल सहसा असं लिहितात की संकटग्रस्तांसाठी मोठ्या कलावंतांनी एकत्र येऊन गाण्याची कल्पना इथून निघाली. १९८५ चा ‘लाइव्ह एड’ वगैरे त्याचीच पुढची पायरी. रॉक संगीतापुरतं हे खरं आहे. पण मराठी वाचकाने एक गोष्ट विसरू नये.

१९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. सुमारे तीस लाख माणसं अन्नावाचून आणि रोगराईने मेली. त्याच साली मुंबईत ‘इप्टा’ ही कलावंतांची संघटना सुरू झाली आणि बंगालची पथकं गावोगाव गाऊन मदत गोळा करू लागली. मराठीत अण्णाभाऊ साठे ह्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. त्यांच्या लाल बावटा कलापथकात गवाणकर होते आणि बार्शीचे शाहीर अमर शेख होते. अमर शेख मुसलमान घरातले, आणि त्यांचा पहाडी आवाज मराठी. गिरणगावातला कामगार, ज्याची स्वतःची भाकर पुरी पडत नव्हती, तो हजार मैलांवरच्या बंगालसाठी उभा राहून ऐकत होता.

आणि ह्याच इप्टात, मैहरहून मुंबईत आलेला एक तरुण सतारिया १९४५ च्या सुमारास संगीत द्यायला लागला. त्याचं नाव रविशंकर. दुष्काळावरच्या ‘धरती के लाल’ (१९४६) ह्या चित्रपटाचं संगीत त्याचं, दिग्दर्शन ख़्वाजा अहमद अब्बास ह्यांचं. त्या चित्रपटाला आधार होता बिजन भट्टाचार्य ह्यांच्या बंगाली नाटकांचा आणि कृष्णचंदर ह्यांच्या ‘अन्नदाता’ ह्या उर्दू कथेचा.

म्हणजे १९७१ मध्ये रविशंकरांना जे सुचलं त्याची शिकवणी पंचवीस वर्षांआधी मुंबईत झाली होती. आणि तेव्हा उर्दू कुठे होती? बंगालसाठी रडणाऱ्यांत होती. ‘अन्नदाता’ लिहून चारच वर्षं झाली असतील-नसतील, तोवर ढाक्याच्या मैदानावर त्याच भाषेला बंगालच्या उरावर बसवायची घोषणा झाली. मला हे समजलं तेव्हा अब्बांच्या कपाटातला ‘सुक़ूत’ हा शब्द वेगळा ऐकू यायला लागला. पाडाव झाला खरा, पण १९७१ मध्ये नाही. तो १९४८ मध्ये, टाळ्यांच्या गजरात झाला, आणि ढाक्याचा नव्हता, उर्दूचा होता.

पैसा आणि हिशेब

आता कार्यक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिकिटांतून २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट जमले आणि ते युनिसेफकडे गेले. रविशंकरांच्या अपेक्षेच्या जवळजवळ दसपट. खरा मोठा पैसा रेकॉर्ड आणि फिल्मचा होता. तीन तबकड्यांचा तो संच डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत आला, खूप खपला आणि १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पण घाईत एक गोष्ट राहून गेली होती. हा धर्मादाय कार्यक्रम आहे ह्याची कागदोपत्री व्यवस्था आधी केलेली नव्हती. अमेरिकन करखात्याने हिशेब मागितला आणि लाखो डॉलर कित्येक वर्षं अडकून पडले. उपाशी पोराच्या फोटोखाली विकलेल्या रेकॉर्डचा पैसा त्या पोराच्या ताटात वेळेवर पोचला नाही. आपल्याकडे मोहल्ल्यात पूरग्रस्तांसाठी वर्गणी काढतो तेव्हा पावतीपुस्तकावरून जी भांडणं होतात ती मला आठवली. नियत कितीही साफ असो, हिशेब आधी लिहावा लागतो. क़ुरआनात कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा असं जे एवढ्या तपशिलाने सांगितलं आहे ते उगाच नाही.

दुसरी उणीव. हॅरिसनच्या गाण्यात दुःख आहे, मदतीची हाक आहे, पण हे कोणी केलं त्याचं नाव नाही. अमेरिकन सरकारच्या हत्यारांचाही उल्लेख नाही. कदाचित नाव घेतलं असतं तर कार्यक्रम झालाच नसता. तरीही मला वाटतं की त्या गाण्याने एक मोठं काम केलं. सरकारी कागदात जे ‘पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न’ होतं, ते त्या रात्रीनंतर निदान चाळीस हजार तरुणांसाठी एका लोकांचं, एका देशाचं नाव झालं. लढाई गाण्याने थांबली नाही. ती ३ डिसेंबरला पेटली आणि १६ डिसेंबरला संपली. पाकिस्तानी फौजेने शरणागतीच्या कागदावर सही केली ती त्याच रमना रेसकोर्सवर, जिथे जिन्ना उर्दूबद्दल बोलले होते. तेवीस वर्षं आणि नऊ महिन्यांत एक मैदान काय काय पाहू शकतं!

उर्दूवाल्यांसाठी दोन गोष्टी

माझा मुद्दा उर्दूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा नाही. भाषा गोळी चालवत नाही. १९७१ च्या फौजी कारवाईविरुद्ध पश्चिम पाकिस्तानात ज्या थोड्या लोकांनी तोंड उघडलं त्यांत उर्दूचेच शायर होते. हबीब जालिब होते, फ़ैज़ अहमद फ़ैज़ होते. १९७४ मध्ये फ़ैज़ ढाक्याला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी जी ग़ज़ल लिहिली ती आजही गायली जाते. ती मी दरवर्षी वर्गात वाचतो. ती कुठे, कशामुळे लिहिली गेली हे मात्र मी इतकी वर्षं सांगत नव्हतो. मुलं तिला प्रियकर-प्रेयसीची ताटातूट समजून पाठ करायची.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. फाळणीच्या वेळी बिहारातून पूर्व बंगालात गेलेले उर्दूभाषक मुसलमान १९७१ मध्ये फौजेच्या बाजूचे मानले गेले. काही होतेही. पण सूड निघाला तो सगळ्यांवर. बाया-पोरं मारली गेली. जे वाचले ते ढाक्याच्या मोहम्मदपूरमधल्या जिनिव्हा कँपसारख्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या राहिले. पाकिस्तानने त्यातल्या बहुतेकांना नेलं नाही. बांगलादेशात त्यांना नागरिकत्वाचा हक्क न्यायालयाने दिला तो २००८ मध्ये. त्यांच्यासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कोणी गायलं नाही. जुलूम सोसलेल्यांच्या हातूनही जुलूम होतो, आणि तेव्हा त्याचं नाव घेणं आणखी अवघड असतं. ते आपण घेतलं पाहिजे. बंगाल्यांचं घेतल्यावर लगेच, त्याच दमात.

महाराष्ट्रातल्या मुसलमानाला हे समजायला सोपं जायला हवं. आपण घरी दखनी बोलतो, कोकणात कोकणी बोलतो, मदरशात उर्दू, बाजारात मराठी. कुठलीही एक भाषा आपल्यावर ‘फक्त हीच’ म्हणून बसवली तर आपलं अर्धं घर मुकं होईल. मुसलमान असून मराठीत लिहितोस? असं मला विचारणारे भेटतात. मराठी शिकवतोस आणि नाव असं? असं विचारणारेही भेटतात. दोघांनाही मी आता बरकत आणि रफ़ीक़ची गोष्ट सांगतो.

गेल्या २१ फेब्रुवारीला शाळेत मातृभाषा दिन होता. नेहमीसारखी उर्दूच्या गोडव्याची भाषणं झाली. मी माझ्या तासाला नववीच्या मुलांना फळ्यावर एका खाली एक तीन गोष्टी लिहून दाखवल्या : सुक़ूत-ए-ढाका, बांगलादेश मुक्तियुद्ध, आणि खाली त्या पाच पोरांची नावं. मग मोबाइलवर ‘बांगला धून’ लावली. पहिल्या बाकावरची एक मुलगी ऐकता ऐकता म्हणाली, “सर, ये तो लड़ाई का गाना नहीं लगता.” मी म्हटलं, “नाहीच आहे. हे त्यांच्या घरचं गाणं आहे.”

भाच्याला मी तो प्रसंग फोनवर सांगितला. तो म्हणाला, “मामू, पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे. येणार?” आपाला अजून सांगितलेलं नाही, पण मी हो म्हटलं आहे. ह्या वेळी कापूस नेणार नाही. फार तर थोडा लांब उभा राहीन.